एकीचा हट्ट, वीस जणांचे राजीनामे

१/ १५ मार्च १९९९ची रात्र. ब्रुसेल्समध्ये युरोपीय संघाच्या कार्यकारी मंडळाने, म्हणजेच युरोपीय आयोगाने, एकत्रित राजीनामा दिला. वीस सदस्यांपैकी बहुतेकांवर व्यक्तिगत ठपका नव्हता. मग सारेच का गेले?

२/ उत्तर आयोगाच्या घडणीत आहे. आयुक्ताचे नाव त्याचा देश सुचवतो. परंतु स्वदेशाच्या सरकारकडून आदेश घेणार नाही, अशी शपथ त्याला घ्यावी लागते. बहुतेक कायद्यांचे प्रस्ताव आयोगच मांडतो. मंजुरी संसद आणि मंत्रिपरिषद देते.

३/ आयोगाचा निर्णय सामूहिक असतो. बहुमताने ठरले तरी तो सर्वांचाच मानला जातो, त्यामुळे एकट्या आयुक्तावर मायदेशाचा दबाव येत नाही. म्हणूनच संसदेला अविश्वास ठराव आणायचा तर तो संपूर्ण आयोगाविरुद्धच आणावा लागतो आणि त्यासाठी दोन तृतीयांश मते लागतात.

४/ डिसेंबर १९९८मध्ये पॉल व्हॅन ब्यूटेनन या अंतर्गत लेखापरीक्षकाने गैरव्यवहाराची कागदपत्रे संसद सदस्यांकडे सोपवली. आयोगाने त्यांना निलंबित करून वेतन निम्मे केले. १४ जानेवारीचा अविश्वास ठराव २३२ विरुद्ध २९३ मतांनी फेटाळला गेला. मात्र पाच स्वतंत्र तज्ज्ञांची चौकशी समिती नेमली गेली.

५/ फ्रान्सच्या माजी पंतप्रधान एडिथ क्रेसाँ यांनी आपल्या परिचिताला पात्रता नसताना पगारी पद दिले, असे समितीला आढळले. त्या पद सोडायला तयार नव्हत्या. भारतात पंतप्रधानांच्या सल्ल्याने एखाद्या मंत्र्याला वगळता येते. आयोगाचे अध्यक्ष जॅक सांतेर यांना तसा अधिकारच नव्हता. उरला एकच मार्ग : सर्वांनी जाणे.

६/ आयुक्तांच्या स्वातंत्र्यासाठी घडवलेली ढाल दोषी व्यक्तीचा आडोसा ठरली होती. २००१च्या नीस कराराने अध्यक्षाला आयोगाच्या संमतीने एखाद्या आयुक्ताचा राजीनामा मागण्याचा अधिकार दिला. २००९मध्ये लागू झालेल्या लिस्बन कराराने संमतीची अटही काढली. संसद मात्र आजही संपूर्ण आयोगालाच हटवू शकते.

७/ २००६मध्ये युरोपीय न्यायालयाने क्रेसाँ यांनी कर्तव्यभंग केल्याचा निर्वाळा दिला, पण त्यांचे निवृत्तिवेतन अबाधित ठेवले. या प्रकरणातली पहिली शिक्षा मात्र कागदपत्रे उजेडात आणणाऱ्या लेखापरीक्षकाने केव्हाच भोगली होती.