कॅमेऱ्यामागचा माणूस मसूरचा होता

मराठी सिनेमाचा इतिहास उघडा. त्यात कोल्हापूर आहे, पुणे आहे, मुंबई आहे. दादासाहेब फाळके आहेत, बाबूराव पेंटर आहेत, भालजी आहेत. मोठी माणसं, कबूल. पण मसूर नाही.

मसूर म्हणजे पुणे-मिरज लायनीवर कराडच्या अलीकडचं स्टेशन. गाडी थांबते, दोन बोचकी उतरतात, गाडी निघून जाते. या मसूरचे नामदेव व्हटकर. जन्म 1921 चा, दलिताच्या घरातला. नाटकं लिहिली, सिनेमा काढला, ‘कथा माझ्या जन्माची’ असं आत्मचरित्र लिहिलं. आपल्यातल्या किती पोरांना हे नाव ठाऊक आहे?

नाव ठाऊक नाही, पण त्यांचं काम आपण सगळ्यांनी बघितलंय. दर 6 डिसेंबरला बघतो. काळ्यापांढऱ्या पडद्यावर फुलांनी भरलेली गाडी चाललीय आणि भोवती नुसती माणसं. बाबासाहेबांची ती अंत्ययात्रा नामदेवरावांनी कॅमेऱ्यात धरून ठेवली. आपण रडतो, हात जोडतो. हे टिपलं कुणी, असं विचारत मात्र नाही.

6 डिसेंबर 1956. बाबासाहेब दिल्लीत गेले. रात्री विमानानं त्यांना मुंबईला आणलं. 7 तारखेला राजगृहापासून दादरच्या स्मशानभूमीपर्यंत लाखो लोक चालले. तिथंच भदन्त आनंद कौसल्यायनांनी लाखावर माणसांना धम्मदीक्षा दिली. असा दिवस पुन्हा उगवणार नव्हता, हे नामदेवरावांनी ओळखलं.

पण ओळखून काय होतं? आज खिशातला मोबाईल काढला की झालं शूटिंग. तेव्हा कॅमेरा भाड्यानं आणायचा, चालवणारा आणायचा. फिल्म विकत घ्यायची, तीही फुटावर मोजून. 35 मिलिमीटरची हजार फूट फिल्म जेमतेम 11 मिनिटं चालते. मग ती धुवायला लॅबचे पैसे वेगळे. म्हणजे कॅमेरा जितका वेळ घरघरतोय तितका वेळ पैसा जळतोय. आपल्या माणसाकडं पैसा कुठला? नामदेवरावांकडं एक छापखाना होता. त्यांनी तो गहाण टाकला. ज्याच्यावर चूल पेटत होती तोच गहाण टाकला. दुसरा कुणी काढील, सरकार काढील, शेठ काढील, म्हणून हा माणूस वाट बघत बसला नाही.

त्याचं मोल मला इतिहासाच्या पुस्तकातून कळलं नाही. माझ्या आजीकडून कळलं. माझा आज्या तेव्हा मुंबईला गोदीत होता. 7 डिसेंबरला काम टाकून दादरला गेला. मी जन्मायच्या आधीच तो वारला. त्याचा एकही फोटो घरात नाही. फोटो काढायला पैसे लागतात आणि फोटो काढण्याजोगं आपलं तोंड आहे असं वाटावं लागतं. वस्तीत पडदा बांधून ही फिल्म दाखवली की म्हातारी सगळ्यांच्या पुढं जाऊन बसायची. गर्दी दिसली की ओरडायची, “हळू चालवा की रं! त्यो आसंल ह्यात.” पोरं हसायची. मी नाही हसलो. ज्यांच्या घरात आल्बम नाही त्यांचा आल्बम म्हणजे ती फिल्म.

हे झालं कॅमेऱ्यामागचं. आपलं माणूस कॅमेऱ्यापुढं उभं राहिलं की काय होतं, ते बघायला खाली केरळात जावं लागतं. पी. के. रोझी. पुलय जातीची बाई. कक्कारिशी ह्या लोकनाट्यात काम करायची. 1930 च्या सुमाराला जे. सी. डॅनियल यांनी मल्याळम भाषकांचा पहिला सिनेमा काढला, ‘विगतकुमारन’. रोझी त्याची नायिका. भूमिका नायर बाईची. अस्पृश्य बाई पडद्यावर नायर होते, हे सवर्णांना सोसलं नाही. तिरुवनंतपुरमच्या थेटरात पडद्यावर दगड पडले. रोझीला पळून जावं लागलं. पुढं ती तमिळ मुलखात राजम्मा म्हणून जगली. नाव गेलं, कला गेली. त्या सिनेमाची एकही प्रत उरली नाही. डॅनियल यांच्या नावानं केरळ सरकार 1992 पासून पुरस्कार देतं. डॅनियलही कर्जात बुडाले होते, त्यांना मिळालेला मान रास्तच आहे. पण रोझीची आठवण काढायला दुनियेला किती वर्षं लागली? एकविसावं शतक उजाडावं लागलं.

दगड मारून पुसणं हा एक प्रकार. नाव न घेता पुसणं हा दुसरा. पहिला प्रकार ते करतात. दुसऱ्यात आपणही सामील आहोत, हे बोललं पाहिजे. नामदेवरावांवर ‘महापरिनिर्वाण’ नावाचा सिनेमा होणार, अशी घोषणा 2023 साली झाली. चांगलं आहे. पण आपलं नाव घ्यायला आपल्याला दुसऱ्याच्या सिनेमाची गरज का पडावी?

तमाशापटात ढोलकी कुणी वाजवली? मागच्या रांगेत नाचल्या त्या बाया कुठल्या गावच्या? बॅनर रंगवणारा, लाइट उचलणारा, तंबूत प्रोजेक्टर फिरवणारा? यातली म्हातारी माणसं आपल्याच वस्त्यांत खोकत बसली असतील. कार्यकर्त्यांनो, जयंतीच्या वर्गणीला घरोघर फिरताच. सोबत एक वही ठेवा. विचारा, लिहून घ्या. नाव, काम आणि गाव. गाव विसरू नका.