जनुक सापडलं, म्हणून थर आहे?

संपादकांनी 'जैवपटलावर सोपं लिहा' असं सांगितलं. तसा प्रयत्न करते. पण जालना तालुक्यातल्या एका मोसंबी बागायतदाराने दाखवलेला अहवाल डोक्यातून जात नाही, त्यामुळे थोडं तांत्रिक होईलच.

त्यांचे ड्रिपर सारखे चोकअप होत होते. एका प्रयोगशाळेने लॅटरलमधल्या बुळबुळीत गाळाची पीसीआर चाचणी करून 'अल्ग-डी जनुक पॉझिटिव्ह' असा शेरा दिला होता आणि त्या शेऱ्यावर त्यांना महागडं जिवाणूनाशक विकलं गेलं होतं. "मॅडम, आमच्या पाण्यात हा रोग कुठून आला?" असं ते विचारत होते. तो रोग नव्हताच. शेततळ्यातलं उघडं पाणी, त्यातलं शेवाळ, विद्राव्य खतं आणि उन्हात तापलेली काळी नळी एवढं मिळालं की जिवाणू नळीच्या भिंतीला चिकटतात, स्वतःभोवती बहुशर्करा, प्रथिनं आणि डीएनए यांचं आवरण विणतात. हेच जैवपटल, म्हणजे जिवाणूंचा थर. त्यात माती आणि लोह अडकत जातं आणि ड्रिपरची जेमतेम मिलिमीटरभराची वाट बुजते. बक्स, नाकायामा आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली निकष मांडले होते: पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये १०,००० पेक्षा कमी जिवाणू असले तर धोका किरकोळ, ५०,००० च्या वर गंभीर.

आता त्या अल्ग-डीकडे वळते. स्युडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूत अल्जिनेट ही शर्करा बनवायला हे जनुक लागतं. १९९३ मध्ये डेव्हिस, चक्रवर्ती आणि गीझी यांनी दाखवलं की जिवाणू पृष्ठभागाला चिकटला की अल्जिनेटच्याच वाटेवरचं अल्ग-सी जागं होतं. तेव्हापासून अल्जिनेट म्हणजे जैवपटल असं समीकरण रुजलं. २००३ मध्ये वोझनियाक आणि सहकाऱ्यांनी ते मोडलं: पीएओ-१ आणि पीए-१४ या प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या वाणांच्या थरात अल्जिनेटला फारसं स्थानच नाही. तिथे काम करतात पीएसएल आणि पीईएल या दुसऱ्या शर्करा. त्यातही पीए-१४ मध्ये पीएसएलची काही जनुकंच गळालेली आहेत, तरी पीईएलच्या जोरावर तो थर बांधतो. म्हणजे जनुकाची एक खूण सापडली म्हणून थर आहे असं होत नाही, आणि सापडली नाही म्हणून थर नाही असंही होत नाही. वीस वर्षं उलटून गेली, तरी अहवालांत अल्ग-डी एकटंच मिरवतं, याचा मला मनापासून राग येतो.

दुसरी अडचण त्याहून मोठी. पीसीआर डीएनए मोजतं आणि डीएनए जिवाणू मेल्यावरही टिकतो. थराच्या आवरणात तर तो बांधकामाचाच भाग असतो. क्लोरीन ट्रीटमेंट यशस्वी झाली तरी चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि शेतकऱ्याला पुन्हा औषध घ्यायला लावता येतं. जनुक प्रत्यक्ष काम करतंय का, हे आरएनए सांगतो. पण जिवाणूंचा संदेशवाहक आरएनए मिनिटांत विरतो, त्यामुळे नमुना बागेतच संरक्षक द्रावणात बुडवावा लागतो. मे महिन्यात जालन्याच्या बांधावर हे करताना जीव मेटाकुटीला येतो, पण त्याशिवाय आलेल्या आकड्यावर माझी सही होत नाही. कोणते जिवाणू आधी बसले, कोण मागून आले, कोणत्या उपायाने कोण उरले, अशा प्रश्नांसाठी या खुणा अमूल्य आहेत. ड्रिपर तुंबलाय का, हे विचारायला त्या नकोत.

याच जालना जिल्ह्यातल्या कडवंचीसारख्या गावाने पाणलोटाची कामं करून शेततळ्यांवर द्राक्षं उभी केली. तिथला शेतकरी पाण्याच्या थेंबाचा हिशेब ठेवतो. त्याला जनुकाच्या नावाने घाबरवणं मला सहन होत नाही.

बागायतदारांना माझं सांगणं एवढंच: आधी लॅटरलची टोकं उघडून फ्लश करा, पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली भांडं ठेवून पाणी मोजा. क्लोरीन सोडलंत तर ते शेवटच्या टोकाला १ ते २ पीपीएम उरतंय का तपासा. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र कालवू नका, विषारी वायू निघतो. आणि कोणी जनुकाचा अहवाल हातात दिला, तर तो डीएनएचा की आरएनएचा, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.