काजव्यांची बेरीज

आमच्या हौशी छायाचित्रकार मंडळात एकूण २७ सभासद आहेत. त्यांपैकी २६ जणांना फोटोग्राफी कळते. मी खजिनदार आहे.

बँकेतली कारकुनी आणि बी.कॉम.ची पदवी एवढ्या भांडवलावर माणूस गल्लीतल्या गणपतीपासून स्मशान सुधार समितीपर्यंत कुठेही खजिनदार होतो, तसाच मी इथे झालो. कॅमेरा नंतर घेतला. तोही हप्त्यावर.

मंडळ नाशकातले. वर्षभर ते अजगरासारखे सुस्त पडून असते, पण उन्हाळा लागला की त्याच्या अंगात येते. आधी बहावा. आम्हाला सापडलेला बहावा एका सद्गृहस्थांच्या कुंपणात होता. सकाळी सकाळी फाटकावर नऊ ट्रायपॉड रोखलेले पाहून ते गृहस्थ हबकले. त्यांना वाटले, रस्तारुंदीची मोजणी आली. बिचाऱ्यांनी सगळ्यांना चहा पाजला. आम्हीही खुलासा चहानंतरच केला.

मग शून्य सावली. २० मेच्या सुमारास नाशकात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. ती टिपायला आम्ही गच्चीवर जमलो आणि नसलेल्या वस्तूचे १४० फोटो काढले. घामोळे मात्र खरेखुरे उठले.

पण खरा उरूस काजव्यांचा. मेअखेरीपासून पाऊस धरेपर्यंत भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा असल्या झाडांवर काजवे उतरतात. एका शनिवारी आम्ही घोटीमार्गे निघालो. गाडीत एक जागा रिकामी होती आणि तिचे भाडे बुडत होते, म्हणून खजिनदाराच्या नात्याने मी हिला बरोबर घेतले. ती एक शाल आणि डबाभर धपाटे घेऊन आली.

अध्यक्षांनी वाटेतच दम भरला. बॅटरी लावायची नाही, मोबाइल काढायचा नाही. कारण नर काजवा लुकलुकून मादीला निरोप धाडतो आणि आपल्या झगझगाटात तो निरोप हरवतो. थोडक्यात, तिथे वधूवर मेळावा भरलेला असतो आणि आपण आगंतुक. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याचा उजेडसुद्धा बाहेर जाऊ द्यायचा नाही. मी निमूटपणे हिची शाल डोक्यावरून घेतली आणि कॅमेऱ्यासकट आत शिरलो.

एकेक फोटो २० सेकंदांचा आणि असे फोटो ८०. म्हणजे १६०० सेकंद, २६ मिनिटे ४० सेकंद. मी शालीच्या आत नोटा मोजाव्यात तसे सेकंद मोजत होतो. बाहेरून आवाज आला, "अहो, बघा ना!"

"थांब. त्रेपन्नावा चालू आहे."

"अहो, सगळं झाड एकदम विझलं! ... अगंबाई, पुन्हा पेटलं!"

"हलू नकोस. ट्रायपॉड हलतो."

ऐंशीवा संपवून मी डोके बाहेर काढले, तेवढ्यात वळवाचे थेंब पडू लागले. चारदोन काजवे दिसले. बाकीचे बहुधा घरोघरी गेले होते.

घरी आल्यावर मंडळातल्या एका कॉम्प्युटरवाल्या पोराने माझे ८० फोटो एकावर एक रचून दिले. हल्ली काजव्यांचे फोटो करण्याची पद्धतच ती आहे. काय झाड झाले म्हणता! लग्नाच्या मांडवालाही एवढी रोषणाई नसते. मी ऐटीत हिला दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली.

"हे कुठलं झाड?"

"तेच. हिरड्याचं."

"एवढे नव्हते हो तिथे. आणि ते पेटायचे न् विझायचे. ह्यात विझणं कुठंय?"

आता ह्यावर काय बोलणार? २२ वर्षे बँकेत काढल्यावर असला प्रकार मला ओळखता यायला हवा होता. ३१ मार्चला ताळेबंद गुटगुटीत दिसावा म्हणून एका दिवसापुरत्या ठेवी गोळा करायच्या, त्यातलाच हा प्रकार. २६ मिनिटांची सगळी जमा एकाच क्षणाच्या खात्यावर, आणि नावेची बाजू कोरी! वडिलांच्या अग्फा क्लिक थ्रीमध्ये एका रोलमधून १२ फोटो निघत आणि त्यांत आम्ही दोन मुंजी न् एक बारसे बसवत असू. इथे ८० फोटो मोडून एक झाला, आणि तो पाहायला जी जागेवर हजर होती तिलाच ओळखू येईना.

१९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनाला मंडळाचे प्रदर्शन असते. मी त्रेपन्नावा फोटो दिला. नुसता, एकटा. काळे झाड, काळे आभाळ आणि ११ ठिपके. २० सेकंदांची लबाडी त्यातही आहे, नाही असे नाही. पण तेवढी फुटकळ चूक कॅशिअरलाही माफ असते.

अध्यक्षांनी फोटो दिव्याखाली धरला. रुमालाने पुसला. पुन्हा पुसला.

"सेन्सरवर धूळ बसलीय तुमच्या," ते आपुलकीने म्हणाले, "साफ करून घ्या."

पहिले बक्षीस कॉम्प्युटरवाल्या पोराच्या रोषणाईला गेले. ५०१ रुपयांच्या व्हाउचरवर खजिनदार म्हणून सही माझीच आहे.

त्रेपन्नावा आता आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या वर लावला आहे. कोणी पाहुणा डोळे बारीक करून तो न्याहाळू लागला, की ही हातातले काम टाकून येते आणि ते झाड कसे विझले, कसे पेटले ते हातवारे करून सांगते. मध्येच पाहुणा माझ्याकडे वळला, तर त्याला थांबवते.

"ह्यांना काय विचारता? हे शालीत होते."