पडद्यामागची ओवी

लिनक्समध्ये चित्रमय पडदा हा यंत्राचा गाभा नव्हे, वरून चढवलेला थर आहे. १९८४ साली एमआयटीत जन्मलेली एक्स प्रणाली आमच्या जुन्या संगणकावर अजून तेच काम करते. गेल्या पावसाळ्यात तो थर कोसळला. परवलीचा शब्द द्यावा, पडदा क्षणभर काळा व्हावा आणि पुन्हा तीच प्रवेशाची चौकट! आत जात्यावरच्या ओव्यांचे टिपण होते. त्या सांगणाऱ्यांपैकी दोघी आता हयात नाहीत.

कंट्रोल, आल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबल्यावर मजकुरी कन्सोल आला. तिथे तोच शब्द मुकाट मान्य झाला. 'डीएफ' ही आज्ञा दिली, तेव्हा डिस्क १०० टक्के भरलेली दिसली. प्रवेशाच्या वेळी एक्सला ओळख पटवणारी एक चिमुकली फाइल लिहावी लागते. तेवढीही जागा उरली नव्हती.

टिपण शाबूत आहे ना, हे पाहावे म्हणून ते उघडले, तर ओळीमागून ओळ नुसते चौकोन. हा कन्सोल एका वेळी फार तर ५१२ चिन्हे बाळगतो. जोडाक्षरे जुळवणे त्याला ठाऊकच नाही. रोमन अक्षर चित्रावाचून जगते, आमची ओवी मात्र पडदा उजळेपर्यंत मुकी. (यंत्र लिपीनिरपेक्ष असते असे वर्गात सांगणाऱ्यांनी हे एकदा पाहावेच.)

साचलेल्या जुन्या नोंदी पुसल्या, तेव्हा पडदा उजळला. टिपणाची छापील प्रत त्याच संध्याकाळी काढली.