देवास गेटचे ऋण

उज्जैनला देवास गेटच्या स्थानकावर बसमधून उतरलो की आमची पावले आजही क्षणभर थबकतात. येथूनच जवळ आमचे मास्तर राहत. ते ख्रिस्ती, आम्ही सोवळ्या-ओवळ्याच्या घरातले. परंतु वडिलांच्या पश्चात आम्हांस पितृछत्र लाभले ते त्यांचेच.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे नगरच्या घरी त्यांनी आणि लक्ष्मीबाईंनी बालकवी ठोमऱ्यांना पुत्रवत् माया दिली; ठोमऱ्यांनी धर्म बदलला नाही, म्हणून ती उणावली नाही. १९१८ साली भादली स्थानकाजवळ ठोमरे आगगाडीखाली सापडून गेले. ही हकीकत सांगताना मास्तरांचा कंठ दाटून येई.

बाप्तिस्म्याविषयी त्यांनी आमच्यापाशी कधी शब्द काढला नाही. सायंप्रार्थनेपूर्वी मात्र ते विचारीत, "बाळ, आज कुणाचे मन दुखावलेस का?"

पुढे नोकरीनिमित्त गाव सुटले, पत्रे विरळ झाली. ते गेल्याची वार्ता आली, तेव्हा त्यांच्या पत्राचे आमचे उत्तर मेजावर अर्धेच पडले होते.

दिवेलागणीस तोच प्रश्न आता आम्ही स्वतःस विचारतो. उत्तरात पहिले नाव येते ते त्यांचेच.