पुढच्या हाताकडे

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत कधीही गेलं तरी अंग चोरूनच चालावं लागतं. वायरींची भेंडोळी खांद्यावर टाकलेले हमाल, पंख्यांची खोकी लादलेल्या हातगाड्या, दिवाळी जवळ आली की दारोदार लुकलुकणाऱ्या माळा. या सगळ्याच्या सांदीत जुन्या मोबाईलची दुकानं आहेत. दुकान म्हणजे काचेचं एक काउंटर, मागे उंच स्टूल, भिंतीभर टांगलेली कव्हरं. काचेखाली फोन मांडलेले आणि प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टीच्या तुकड्यावर निळ्या शाईनं लिहिलेला आकडा. कोपऱ्यात एक मुलगा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून चिमट्यानं काहीतरी उचलत असतो आणि सोल्डरिंगचा गोडसर जळका वास सतत येत राहतो. मला ही दुकानं आवडतात. शोरूममधल्या फोनला कुणाचा हात लागलेला नसतो. इथल्या प्रत्येक फोनला लागलेला असतो आणि इथली माणसं तो ओळखतात.

माझा फोन दुकानदारानं हातात घेतला तो न बोलता. विशी-पंचविशीतला मुलगा, परभणीकडचा. आधी त्यानं फोन पालथा केला, मग कडेनं डोळ्यासमोर धरला. काचेच्या आणि चौकटीच्या फटीवरून नख फिरवलं. सिमचा ट्रे बाहेर काढून त्या खाचेत टॉर्च मारला. आत पांढऱ्या कागदाचा एक इवलासा ठिपका असतो. फोनमध्ये कधी पाणी शिरलं असेल तर तो लाल झालेला दिसतो. माझा पांढराच होता. मग एक कोड दाबून पडदा ओळीनं लाल, हिरवा, निळा करून बघितला, कुठे डाग नाही ना, रेघ नाही ना. स्वतःलाच फोन लावून कानाजवळ तळवा नेला; पडदा बरोबर विझला. "हॅलो, हॅलो, एक दोन तीन" म्हणून स्वतःचाच आवाज रेकॉर्ड करून ऐकला. पाच मिनिटांत त्यानं त्या फोनचं सगळं आयुष्य चाचपलं होतं.

"पॅनल ओरिजिनल आहे," तो म्हणाला. "ओपन पण नाही झालेला. काकू, बॉक्स-बिल आहे का?"

दोन्ही होतं. आमच्या घरात फोनचं खोकं टाकून द्यायची पद्धत नाही.

लहानपणी आमच्या वाड्यात बोहारीण यायची. आईनं पुढे ठेवलेली साडी ती उजेडासमोर धरून विरलेली जागा शोधायची, काठ दोन बोटांत चोळून बघायची आणि मग पातेलं पुढे सरकवायची. त्या मुलाच्या हातांत मला तीच सवय दिसली. वस्तूबद्दल आकस नाही, लळा नाही. ही वस्तू अजून कुणाच्या किती कामाची आहे, एवढंच बघणारी नजर. अशा नजरेचा मला आदर वाटतो. आपण वस्तू वापरून टाकतो तेव्हा तिचं उरलेलं आयुष्य आपल्याला दिसत नाही. त्याला दिसतं, आणि त्याचं पोट त्या दिसण्यावर चालतं.

"२,८०० देतो. बॅटरी उतरलीय, अपडेट यायचे बंद झालेत. उद्या बँकेचं अ‍ॅप चालायचं नाही, मग गिऱ्हाईक माझ्याकडे येतं भांडायला."

मी ३,५०० म्हटलं. ३,२०० वर जमलं. घासाघीस पैशांसाठी होती तितकीच त्या फोनसाठीही होती. त्याच्यावर मी लेकीचं लग्न ठरलेलं ऐकलं होतं, दवाखान्याच्या बाकावर बसून रात्र काढली होती. पहिल्या आकड्याला मान डोलवणं मला जमलं नसतं.

हा फोन विकायचा हे घरात कुणालाच पटलं नव्हतं. आपल्याकडे घरातला जुना फोन कुठे जातो याचा क्रम ठरलेला आहे. मुलगा नवा घेतो, त्याचा जुना वडिलांकडे जातो, वडिलांचा आईकडे, आईचा आजीकडे. प्रत्येक पायरीवर बॅटरी थोडी कमी टिकते, पडदा थोडा अंधुक होतो, काचेवर एक तडा वाढतो. म्हणजे ज्यांची नजर सगळ्यात अधू, ज्यांची बोटं सगळ्यात थरथरती, त्यांच्या वाट्याला सगळ्यात लहान आणि सगळ्यात हट्टी पडदा येतो. आणि मग आपणच म्हणतो, आजीला फोन काही जमत नाही. माझ्या सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना कीर्तनं ऐकायची असतात, नातीचा चेहरा बघायचा असतो, पंचांग वाचायचं असतं. माझा फोन त्यांना द्यायचा असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मला ते मान्य नव्हतं. माझा विकायचा आणि त्यात भर घालून त्यांच्यासाठी मोठ्या पडद्याचा, मोठ्या आवाजाचा घ्यायचा, जुना असला तरी चांगला, असं ठरवून मी आले होते.

काचेखालून त्यानं एक काढला. ८,५०० चा. आवाज वाढवायच्या बटणाचा रंग एका बाजूनं उडालेला. कुणीतरी ऐकायला कमी येणारं माणूस असावं. मी *#०६# दाबलं. प्रत्येक फोनला स्वतःचा १५ आकडी आयएमईआय नंबर असतो, दोन सिमचा असेल तर दोन. तो पडद्यावर आला. तो खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघितला आणि त्याच्याआधी इंग्रजीत 'KYM' लिहून १४४२२ या क्रमांकावर मेसेज पाठवला. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल किंवा तोच नंबर दुसऱ्या फोनवरही चालत असेल तर उत्तरात तसं कळतं. २०२३ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही हे बघता येतं. जुना फोन घेणाऱ्या प्रत्येकानं पैसे देण्याआधी हे करावं. दुकानदाराला राग येईल असं वाटून अनेक जण संकोचतात. हा मुलगा उलट खूश झाला. "बघून घ्या काकू. सात दिवस चेकिंग वॉरंटी पण देतो." माझ्या आधारकार्डाची झेरॉक्स त्यानं घेतली आणि वहीत माझी सही घेतली. "पोलीस कधी आले तर दाखवावं लागतं."

आता माझा फोन पुसायचा राहिला होता. फोटो मी घरीच काढून घेतले होते, सिम आणि मेमरी कार्ड आता काढून पर्समध्ये ठेवलं. "आधी जीमेल काढा," तो म्हणाला. खातं तसंच ठेवून फोन पुसला तर पुसल्यानंतरही तो जुन्या मालकाचा पासवर्ड मागत राहू शकतो, आणि मग पुढचा माणूस अडकतो. खातं काढलं. मग रिसेटच्या पानापर्यंत तो मला घेऊन गेला आणि फोन माझ्यापुढे ठेवला.

"शेवटचं बटण तुम्ही दाबा. आम्ही नाही दाबत."

हा त्याचा नियम होता, कुणीही न शिकवलेला. त्या गल्लीत ऐकलेलं सगळ्यात सभ्य वाक्य मला ते वाटलं.

त्या बटणामागे काय घडतं हे मला माझ्या भाच्यानं समजावून सांगितलं होतं आणि तेव्हापासून ते मनातून गेलेलं नाही. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक फोनमध्ये आपण साठवतो ते सगळं आधीच कुलूपबंद असतं, सांकेतिक रूपात. आपण पासवर्ड देतो तेव्हा आत एक किल्ली फिरते आणि त्या गोंधळाचे फोटो होतात, पत्रं होतात. फोन पुसला की ती किल्ली नष्ट होते. मागे काही तुकडे उरलेच तरी ते उघडणारं जगात कुणी उरत नाही, मीही नाही. तुळशीच्या लग्नाचे फोटो, सासऱ्यांच्या रक्ताचे रिपोर्ट, रात्री दीड वाजता पाठवावा की नाही या विचारात लिहून ठेवलेला आणि न पाठवलेला एक मेसेज. बटण दाबलं. फोन एकदा थरथरला आणि विझला.

फोटोंचं मला दुःख नव्हतं, त्यांच्या प्रती होत्या. ज्याची प्रत नव्हती ते वेगळंच होतं. त्या फोनचा कीबोर्ड माझं मराठी शिकला होता. मी 'जेवलीस' लिहिलं की तो 'का' पुढे करायचा. 'पोचल्यावर' म्हटलं की 'फोन कर'. 'भाजणी' हा शब्द त्याला सुरुवातीला ठाऊक नव्हता. मी लिहीत गेले, तो शिकत गेला. पुढे पुढे तर श्रावण लागला की 'पुर' एवढं टाकताच तो 'पुरणाचं' म्हणायचा. सासरे आजारी होते त्या काळात 'आज' म्हटलं की तो 'बरं आहे' सुचवायचा, कारण रोज सकाळी सगळ्या नातेवाइकांना मी तेच कळवत होते. ते गेल्यावरही कित्येक आठवडे त्यानं तेच सुचवलं. मग हळूहळू थांबला. एवढी वर्षं मी कुणाशी कसं बोलले याचा तो एकमेव साक्षीदार होता, आणि त्याला नावं, तारखा, कारणं काहीच माहीत नव्हती; फक्त एका शब्दामागून माझा कुठला शब्द येतो तेवढं माहीत होतं. मी आता वापरते त्या नव्या फोनला मी अजून परकी आहे. त्याला मी 'जेवलीस' देते आणि तो भलतेच तीन शब्द पुढे करतो.

पडदा पुन्हा उजळला तेव्हा त्यावर भाषा निवडायची यादी आली होती. तेवढ्यात काउंटरशी एक मुलगा येऊन उभा राहिला. पाठीला सॅक, हातात अप्पा बळवंत चौकातून घेतलेली पुस्तकं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी अशी हजारो मुलं या पेठांतून राहतात, मेसचा डबा आणि अभ्यासिकेची फी यांत महिना बसवतात. "गेम नाही खेळायचं दादा, लेक्चर बघायचीत. तीन-चार हजारांत काय येईल?" दुकानदारानं माझा फोन त्याच्या पुढे केला. मुलानं तो हातात घेतला, वजन बघितलं, पडद्यावर अंगठा वर-खाली फिरवला. माझा अंगठा जिथून फिरायचा, तिथूनच. "रविवारी मित्राला घेऊन येतो," म्हणून तो गेला. त्यानं पुढे तो घेतला की नाही मला ठाऊक नाही. पण २०२० साली शाळा फोनवर भरायला लागल्या तेव्हा घरात एकच फोन आणि शिकणारी मुलं तीन, अशी घरं मी जवळून पाहिली आहेत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी तेव्हा असाच एक जुना फोन उसन्या पैशांनी घेतला होता. त्याच वेळी माझ्या कपाटात दोन फोन कापडात गुंडाळून पडलेले होते.

कपाटातला फोन जपलेला असतो असं आपल्याला वाटतं. तो तिथे आतून संपत असतो. त्यातली लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. ती घडवणाऱ्या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांतले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. इतक्या बुद्धीची ही वस्तू, पण तिला नुसतं पडून राहणं सोसत नाही. वापरली नाही तरी ती म्हातारी होते, पार उतरलेल्या अवस्थेत ठेवली तर लवकर होते, आणि कधी फुगून फोनची पाठ उचलते. तिच्यातल्या कोबाल्टचा मोठा हिस्सा आफ्रिकेतल्या काँगोच्या खाणींतून येतो, जिथे लहान मुलांनीही हातांनी माती उपसली आहे. फोन थरथरतो तो टंगस्टनच्या एका छोट्या वजनामुळे. जोडांवर सोन्याचा मुलामा असतो. एका फोनमुळे हवेत जाणाऱ्या कार्बनचा बराच मोठा भाग तो आपल्या हातात येण्याआधी, तो बनतानाच गेलेला असतो. म्हणून तो जितकी वर्षं जास्त चालेल, तितकं त्या खाणीतल्या कष्टांचं चीज होतं. आणि भंगारात चुकीच्या हाती गेला तर मुरादाबादसारख्या ठिकाणी उघड्यावर जाळून, आम्लात बुडवून त्यातले धातू काढले जातात. तो धूर तिथली माणसं श्वासात घेतात. कपाट हा या दोन वाटांमधला निष्पाप मुक्काम नाही. तिथे ठेवलेला चालता फोन दोन-चार वर्षांत भंगाराच्याच वाटेला लागतो.

५,३०० रुपये देऊन मी मोठ्या पडद्याचा फोन घेऊन घरी आले. सासूबाईंनी अक्षरं मोठी करून घेतली आणि चष्मा न लावता एकादशीची तिथी वाचली.

तुमच्याही घरी कपाटात, देवघराखालच्या खणात, शिलाई मशीनच्या डब्यात एखादा फोन असेल. बाहेर काढून बघा. पाठ फुगली असेल तर चार्जिंगला अजिबात लावू नका, तसाच ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रावर नेऊन द्या. ठीक असेल तर चार्ज करा. चालू झाला तर फोटो काढून घ्या, आवाज जपायचे असतील ते जपा, खातं काढा, सिम आणि कार्ड काढा, पुसायचं बटण स्वतःच्या हातानं दाबा. आणि तो चालतोय तोवरच, या महिन्यातच, दुकानात न्या.