मधलं ठिकाण

डोंबिवलीच्या नोकरदाराला स्वतःचं गाव उजेडात दिसत नाही. सकाळी डोळ्यांवर झोप असताना तो स्टेशन गाठतो, रात्री दुकानांची शटरं ओढली जात असताना परततो. मधला सगळा दिवस फोर्ट, परळ, दादर, हल्ली ऐरोली-महापे यांच्या वाट्याला जातो. रविवार दळण, वाणी आणि इस्त्रीचे कपडे यांत संपतो. माझ्या आत्याने नोकरीची सगळी वर्षं अशी काढली. तिची कचेरी फोर्टात होती. कल्याण म्हणजे तिच्या लेखी जिथून गाडी भरून येते ते गाव, आणि ठाणे म्हणजे जिथे दाराशी रेटा येतो ते. कल्याण आमच्यापासून दुसरंच स्टेशन, मध्ये एक ठाकुर्ली. पण तिथे उतरण्याचं काम तिला कधी पडलं नाही.

निवृत्त झाली त्या महिन्यात तिने पास काढला नाही. म्हणाली, "आता तिकीट काढून फिरायचं. आणि दिवसाउजेडी. येतेस का?" माझं कॉलेज सकाळचं होतं, दुपारी मोकळ्या असायच्या. मी गेले.

तिची फिरण्याची रीत ठरलेली होती. मिळेल ती बस धरायची, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, उतरून चहा घ्यायचा आणि परतीच्या बसने मधे कुठेतरी उतरून चालायचं. बाजीप्रभू चौकातून निवासी विभागाची बस, तिथून पुढे निळज्याकडची. ठाण्याची परिवहन सेवा 1989 पासूनची, कल्याण-डोंबिवलीची 1999 मधली. आमच्याकडे बसगाड्या मुळातच थोड्या, त्यामुळे लोक शेअर रिक्षात बसून निघून जायचे आणि आम्ही थांब्यावर उभ्याच. आत्याला त्या थांबण्याचा कंटाळा आला नाही. उभ्या उभ्या ती कोणालाही विचारायची, पेरूवाल्याला, शाळेच्या शिपायाला, कंडक्टरला: "या गावाचं मधलं ठिकाण कुठलं हो?"

उत्तर एकच यायचं. स्टेशन.

ते उत्तर खोटं नव्हतं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. 1929 साली रेल्वेने आपल्या गाड्यांना वीज देण्यासाठी ठाकुर्लीला चोळा वीजघर उभं केलं. ही शहरं आज जेवढी आहेत तेवढी गाडीमुळे झाली. कुठल्याही बसच्या पाटीवर एका टोकाला स्टेशन असतंच. पण आत्याला हे उत्तर आवडायचं नाही. "स्टेशन म्हणजे उंबरठा. उंबरठ्यावर कोणी बसतं का?" ती म्हणायची. शिवाय रुळांनी गावाचे दोन तुकडे केलेले. पूर्वेचा माणूस पश्चिमेला जाताना परगावी निघाल्यासारखा तयारी करून निघतो, हे तिने इतकी वर्षं पुलावरून पाहिलं होतं. तिने स्वतःची कसोटी ठरवली: काम नसताना माणसं जिथे आपण होऊन जातात, ते गावाचं मधलं ठिकाण.

ठाण्यात या कसोटीला फार वेळ लागला नाही. घोडबंदर रोडवरून परतताना बसमध्ये एक बाई फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, "ठाण्यात चाललेय, तलावपाळीला." त्या जिथून चढल्या ते ठिकाण महापालिकेच्या हद्दीतलंच, पण त्यांच्या मनातलं ठाणं अजून लांब होतं. आत्याने माझा हात दाबला. आम्ही त्यांच्या मागोमाग उतरलो. मासुंदा तलाव, काठाशी कौपिनेश्वराचं देऊळ, 1978 पासूनचं गडकरी रंगायतन, आणि पाळीवर बसलेली ती सगळी माणसं. कोणी भेळ खात होतं, कोणी नुसतं पाण्याकडे बघत. नाटकाला आलेले लोक तिसऱ्या घंटेपर्यंत बाहेर रेंगाळत होते. आत्या कठड्यावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. तिशीत, चाळिशीत, पन्नाशीत ती या तलावापासून चालत दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावरून रोज दोनदा गेली होती. तिने पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते. मला त्या वेळी एवढंच कळलं की ती खूष आहे. तिच्या खुषीत केवढं काय गमावलेलं होतं, ते कळायला मला स्वतःला नोकरी लागावी लागली.

डोंबिवलीबद्दल तिला शोधावं लागलंच नाही. फडके रोड. गणेश मंदिरापासून निघणारा एवढासा रस्ता. दिवाळीच्या पहिल्या पहाटे नवे कपडे घालून हजारो पोरं-पोरी तिथे नुसती उभी राहायला येतात. 1999 च्या पाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा निघाली तीही याच गावात, आणि मग ती प्रथा महाराष्ट्रभर गेली. आत्या त्या पहिल्या यात्रेत चालली होती, कारण पाडव्याला सुट्टी होती. त्या दिवशी तिने फडके रोडवरची घरं पहिल्यांदा मान वर करून पाहिली, असं ती सांगायची. कुठल्या घराला लाकडी कठडा आहे, कुठल्या खिडकीत तुळस, सगळं. आता त्यातली बरीच घरं राहिलेली नाहीत. पुनर्विकासाला माझा विरोध नाही, गळक्या छताखाली राहिलेल्यांना लिफ्टची किंमत कळते. पण तिने इतक्या उशिरा पाहिलेलं इतक्या लवकर जायला नको होतं.

कल्याणने मात्र तिला शेवटपर्यंत गुंतवून ठेवलं. तिथे जायचं ते बसनेच, पत्रीपुलावरून. 1914 सालचा तो लोखंडी पूल. बस त्यावर चढली की खालून गाड्या जाताना दिसायच्या आणि आत्या डबे मोजायची. 2018 च्या नोव्हेंबरात तो पाडला, नवा व्हायला 2021 उजाडलं. कल्याण फार जुनं, आणि प्रत्येक काळाने तिथे आपापलं केंद्र मांडून ठेवलेलं. खाडीवर दुर्गाडी, शिवाजी महाराजांच्या आरमाराची आठवण सांगणारा. गावात सुभेदारवाडा, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांचा. याच बिवलकरांनी 1760 च्या सुमारास ठाण्याचं कौपिनेश्वराचं देऊळ बांधून काढलं, हे कळल्यावर आत्याला आपल्या दोन गावांमध्ये रुळांच्या आधीची वाट सापडल्याचा आनंद झाला. 1864 मध्ये इथे सार्वजनिक वाचनालय सुरू झालं आणि पुढच्या वर्षी याच कल्याणात आनंदीबाई जोशी जन्मल्या, ज्या एकविसाव्या वर्षी फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या आणि बाविसावं पुरं व्हायच्या आत गेल्या. पारनाक्यावरून चालताना आत्या त्यांच्याबद्दल घरातल्या मुलीबद्दल बोलावं तशी बोलायची. "आगगाडी आली होती गं तेव्हा इथे. तिने लहानपणी शिट्टी ऐकली असेल."

मग साथ आली, घरं बंद झाली. पुढे लोकल सगळ्यांना खुली झाली तेव्हा आत्या पूर्वीची राहिली नव्हती. जिने चढताना थांबायची, पण खिडकीची जागा मिळाली की चेहरा उजळायचा. 2022 च्या फेब्रुवारीत ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका पूर्ण झाली आणि जलद लोकल नव्या रुळांवरून कळवा-मुंब्य्राकडून जाऊ लागल्या. पारसिकचा बोगदा मेल-एक्सप्रेसना राहिला. 1916 सालचा, सव्वा किलोमीटरहून लांब. डोंबिवलीच्या जलद गाडीने जाणाऱ्या कित्येक पिढ्यांच्या दिवसात तो दोनदा यायचा. बायकांच्या डब्यातलं बोलणं बोगद्याच्या आवाजात बुडायचं, म्हणून सगळ्याजणी वाक्य अर्धं ठेवून गप्प व्हायच्या आणि उजेड आला की त्याच शब्दापासून पुढे सुरू.

त्यानंतर कधीतरी आम्ही ठाण्याहून परतत होतो. आत्या मला तिच्या आईची, माझ्या आजीची, काहीतरी गोष्ट सांगत होती. कळवा मागे पडलं आणि सवयीने ती वाक्याच्या मधेच थांबली. बोगदा आला नाही. मुंब्य्राचे फलाट गेले, डोंगर बाजूला राहिला, डब्यात ऊन तसंच. दिवा आलं तरी ती थांबलेलीच होती. मी तिला नव्या मार्गाचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आता गप्प कधी व्हायचं गं?" आजीची गोष्ट त्या दिवशी पुरी झाली नाही. नंतर आजारपण वाढलं, औषधांच्या वेळा आल्या, आणि मला ती विचारायचं सुचलं नाही. आषाढात ती गेली. आजीबद्दल आता विचारावं असं घरात कोणी नाही.

मी अजून बसने फिरते. घोडबंदरवर मेट्रोचे खांब उभे आहेत, ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचंही काम चाललंय. तिला त्या उंचीवरून खाडी बघायला फार आवडलं असतं. फिरताना मला सर्वांत जास्त तिचं विचारणं आठवतं. मी तसं कोणाला विचारू शकत नाही, मला तेवढं मोकळं होता येत नाही. मी ऐकते. बसमध्ये लोक एकमेकांना कुठे भेटायचं सांगतात त्याकडे कान देते.

कल्याणचा प्रश्न आमच्यात मिटला नव्हता. तिचा कौल काळ्या तलावाला, संध्याकाळी सगळं गाव तिथे फेऱ्या मारतं म्हणून. माझा पारनाक्याला. तलावाला लोक तब्येतीसाठी जातात, म्हणजे ते कामच झालं, असं मी म्हटलं होतं. त्यावर तिने विचार करून सांगते म्हटलं होतं. मागच्या महिन्यात मी तलावावर गेले, तेव्हा निम्मी माणसं चालत नव्हती, काठावर बसून गप्पा मारत होती. माझा मुद्दा तिथेच लंगडा पडतो. पण पारनाक्याचं पारडं मी अजून खाली ठेवलेलं नाही, आणि तिचं उत्तर काय आलं असतं यावर माझं मन रोज वेगळं सांगतं.